पी२१, पी१५ आणि थांबलेले पेशीचक्र

एपिजेनेटिक औषधे (डीएनएचा मजकूर न बदलता त्यावरच्या व त्याच्या भोवतालच्या प्रथिनांवरच्या रासायनिक खुणा बदलणारी औषधे) म्हणजे गप्प बसवलेली जनुके पुन्हा चालू करणारी कळ, असा मुद्दा अनेकदा मांडला जातो. तो अर्धाच खरा आहे, म्हणून थोडी भर घालतो.

२००६ साली त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमासाठी (टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगासाठी) अमेरिकेत मान्यता मिळालेले व्होरिनोस्टॅट घ्या. हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील अ‍ॅसिटिल गट काढून टाकणारी विकरे (एन्झाइम) हे औषध रोखते. त्यामुळे पी२१ जनुकाच्या प्रवर्तकापाशी (वाचन सुरू करून देणाऱ्या डीएनएच्या भागापाशी), जिथे एसपी१ हे प्रथिन बसते, तिथली हिस्टोने अ‍ॅसिटिलयुक्त राहतात, जनुकाचे वाचन वाढते आणि तयार झालेले पी२१ प्रथिन सायक्लिनवर अवलंबून असणाऱ्या कायनेजना (पेशीचक्र पुढे ढकलणाऱ्या विकरांना) जखडून पेशीला बहुधा जी१ अवस्थेतच, म्हणजे डीएनएची प्रत निघण्याआधीच, थांबवते. यासाठी पी५३ हे एरवी पी२१ चालू करणारे, गाठी रोखणारे प्रथिन असावेच लागत नाही, आणि ज्या गाठींत पी५३ निकामी झालेले असते त्यांचा विचार करता ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र त्याच वेळी अनेक पेशींत सायक्लिन डी१ हे पेशीचक्र पुढे नेणारे प्रथिन घटते, म्हणजे काही जनुकांची अभिव्यक्ती (वाचन) कमीही होते.

डेसिटाबीन या दुसऱ्या एपिजेनेटिक औषधाची तऱ्हा वेगळी. ते डीएनएमध्ये सायटोसिन या घटकाच्या जागी शिरते आणि मेथिल खुणा (जनुक गप्प ठेवणारे रासायनिक गट) उमटवणाऱ्या डीएनएमटी१ या विकराला तिथेच अडकवते. नव्या धाग्यावर खुणा कमी पडत जातात आणि पी१५सारखे पेशीचक्राला लगाम घालणारे, बंद पडलेले जनुक पुन्हा वाचले जाऊ शकते. यासाठी डीएनएची प्रत निघत असावी लागते, आणि औषध थांबले की खुणा हळूहळू परततात. त्याच गटातले अ‍ॅझासिटिडीन २८ दिवसांच्या आवर्तनात ७ दिवस, असे पुन्हा पुन्हा दिले जाते, त्यामागे हेच कारण आहे.