प्रतिसाद: एमए पुरातत्त्वनंतरचे अर्ज

ताई, एमए झालेली तुमची लेक नोकरीसाठी एकच बायोडेटा सगळीकडे पाठवते आणि ऐरोलीत बसून उत्तराची वाट बघते, असं तुम्ही लिहिलंत. माझ्या मते घोडं तिथेच अडलंय. 'इतिहासाची आवड, मेहनती स्वभाव' हे सगळेच लिहितात. तिने उत्खननात प्रत्यक्ष काय केलं ते येऊ दे: ट्रेंचची (उत्खननाच्या चराची) नोंदवही ठेवली, खापरांची रेखाटनं केली, टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र हाताळलं, क्यूजीआयएस या संगणक प्रणालीत नकाशे केले. अनुभवाचं पत्र उत्खनन संपतानाच मागून घ्यावं, नंतर मागताना नाकी नऊ येतात.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातली अधिकारीपदं यूपीएससीमार्फत भरली जातात. जागा मोजक्या, जाहिरातीचा नेम नाही. तोवर संग्रहालयं आणि जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करणारे आर्किटेक्ट यांनाही विचारा, त्यांना नोंदणी आणि छायाचित्रणाला माणसं लागतात. पदनामात 'पुरातत्त्व' नसलं म्हणून नाक मुरडू नये.

आणि हो, ठाणे जिल्ह्यातली मुलगी म्हटल्यावर मुलाखतीत अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराबद्दल विचारलं जाऊ शकतं. शिलालेखासकट बघून ठेवू दे. मानधन किती आणि राहण्याची सोय कोण करणार, हे मात्र रुजू होण्याआधीच लेखी घ्या.