बाळंतिणीच्या खोलीची डार्करूम करतोय, कौलांतून उजेड येतो

कौलारू
आमच्या केरीच्या घरात माजघरामागे बाळंतिणीची खोली आहे. आजीची सगळी बाळंतपणं तिथलीच. हातभर खिडकी होती, तिला फळी मारली. वर मात्र मंगलोरी कौलं, त्यात एक काचेचं! दार लावून पाचेक मिनिटं बसलो की सांध्यांतून चांदण्या दिसायला लागतात. एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडायचं यंत्र) आहे, ३५ मिमीचा. काम फक्त ब्लॅक अँड व्हाइटचं. काय करू? आईची अट आहे की चवथीला खोली रिकामी हवी.

रात्रपाळी
रात्री करा. विषय संपला.

डिचोलीचा म्हातारा
उजेडाचं एवढं मनावर घेऊ नका. फिल्म रीलवर चढवताना तेवढा पूर्ण काळोख हवा, ते चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात घालायला बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत होतं. रील ठेवायच्या डेव्हलपिंग टाकीचं झाकण लागलं की बाकीचं ओसरीवर बसून करा. फोटोच्या पेपरला तांबडा दिवा चालतो. पेपरच्या तुकड्यावर नाणं ठेवून ५ मिनिटं दिव्याखाली ठेवा, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल उमटला तर दिवा लांब न्या.

खरा वैरी पाणी. डेव्हलपिंगच्या वेळेचे तक्ते सगळे २० अंशांचे, आणि माझ्या नळाला मे महिन्यात ३१! शिगम्याचा पहिला रोल मी तक्त्याच्याच वेळेने काढला. निगेटिव्ह काळीकुट्ट, उन्हात धरली तरी रोमटातले (शिगम्याच्या मिरवणुकीतले) ढोल दिसेनात. आता गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या घमेल्यात सोडतो, त्यातच डेव्हलपरचं (चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं) भांडं. २४ वर आलं की पुरे. एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ डेव्हलपरमध्ये, एकास एक पाणी घालून, २० अंशांना १३ मिनिटं लागतात. २४ ला साधारण नऊ. धुण्याचं पाणीही तेवढंच ठेवा, एकदम गरम-थंड केलंत तर जिलेटिन सुरकुततं.

पावसात एन्लार्जरची लेन्स काढून सिलिका जेलच्या डब्यात. माझ्या एका लेन्सला बुरशीची जाळी आली, ती गेली नाही. आणि वापरलेला फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) विहिरीकडे ओतू नका हां, त्यात चांदी उतरलेली असते.

कौलारू
काका, काल पाच रुपयांचं नाणं ठेवलं. पुसट गोल आला, दिवा वाशाला टांगला, आज काही नाही. काचेचं कौल आजोबांनी बसवलेलं, काढायला मनाई. आतून काळं प्लास्टिक डकवलं. फिक्सरला कॅन ठेवलाय. अडलंय ते बाटल्यांवर. फ्रीजर बांगड्यांनी भरलाय, आई म्हणते आधी ते संपव.