डिसेंबरात पोर्ट ब्लेअर : जाऊन आलेल्यांनो, लिहा

यंदा नाताळाच्या सुट्टीत अंदमान ठरतंय. आम्ही दोघं, सातवीतली लेक आणि आई-बाबा. सरकारदरबारी 2024 पासून गावाचं नाव श्रीविजयपुरम झालंय, पण आमच्या घरात अजून पोर्ट ब्लेअरच. बाबांना फक्त सेल्युलर जेल बघायचंय, बाकी 'न्याल तिकडे येतो' म्हणतात. काय छान होतं ते नंतर सांगा, काय फसलं ते आधी.

ठाणेकर
आमचं घड्याळ फसलं. दुपारी जेवून ताणून दिली आणि साडेचारला निवांत चिडियाटापूला सूर्यास्त बघायला निघालो. पोचेपर्यंत गुडुप अंधार! डिसेंबरात तिथे सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. घड्याळ आपलंच, पण बेट पार ब्रह्मदेशाच्या खाली. दुसऱ्या दिवसापासून पाचला उठायला लागलो, तेव्हा कुठे दिवस पुरला.

सांगलीची काकू
जेल 'दोन तासांत उरकू' असं करू नकोस गं. सात इमारतींपैकी तीनच उरल्यात, तरी पाय थकतात. तात्यारावांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. जिना चढताना माझ्या गुडघ्यांनी सूड घेतला. बाबांना सकाळी न्या, ताजेतवाने असताना. दाराची कडी नीट बघा. ती दारावर नाहीच, बाजूच्या भिंतीतल्या कोनाड्यात, हातभर लांब. मी आत उभी राहून गजातून खांद्यापर्यंत हात घातला, बोटंसुद्धा पोचेनात. गाईड पुढे बरंच बोलत होता, मला त्यातलं काही आठवत नाही.
संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला डासांचं मलम नेच.

कोथरूडवाला
आधी बोटी, मग हॉटेल. आम्ही उलटं केलं. हॅवलॉकचं (आता स्वराज द्वीप) हॉटेल पैसे भरून मोकळे, आणि नाताळच्या आठवड्यात हव्या त्या दिवशीची बोटच मिळेना. एका रात्रीचे पैसे बुडाले. मिळालेल्या बोटीची वेळ कंपनीने आदल्या रात्री बदलली, ते वेगळंच.

नाशिककर
वरच्यांना दुजोरा, आणि एक भर. परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. डिसेंबर म्हणजे कोरडा हे आपल्याकडचं गणित. तिथे ईशान्येचा पाऊस नोव्हेंबरात भरात असतो आणि डिसेंबरातही वादळ येऊ शकतं. 2016 च्या डिसेंबरात आम्ही हॅवलॉकवर अडकलो. बोटी बंद, एटीएमसमोर रांग, हॉटेलात शेवटी नुसता वरणभात. नौदलाच्या जहाजाने बाहेर काढलं तेव्हा आमचं विमान कधीच उडून गेलं होतं.

डोंबिवलीकरीण
शंख! लेकाने राधानगरच्या किनाऱ्यावरून पिशवीभर वेचले, विमानतळावर सगळे काढून घेतले. मेलेलं प्रवाळसुद्धा आणता येत नाही. दुकानातून घेतलंत तर पावती जपा. पोराची समजूत चेन्नईपर्यंत चालू होती.

ठाणेकर
बाराटांग बेटाचं काय ठरलंय? मध्यरात्रीनंतर उठून जिरकाटांगच्या फाटकावर रांग लावायची आणि गाड्यांच्या ताफ्यातून जारवा आदिवासींच्या जंगलातून जायचं. चुनखडीच्या गुहा चांगल्या आहेत म्हणतात. पण ताफ्यातले लोक गुहांसाठी कमी आणि 'जारवा दिसतात का' म्हणून जास्त जातात. आम्ही नाही गेलो. तो दिवस रॉस बेटावर घालवला, वडाच्या मुळांनी गिळलेल्या भिंती आणि हरणं बघत. आई-बाबांना झेपेल असंच आहे ते.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! बाराटांग कटाप. परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकललं. काकू, कडीचं बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग गुडघ्याचा पट्टा शोधायला उठले. आई विचारतेय, स्वेटर घ्यायचे का?

सांगलीची काकू
मुंबईच्या विमानतळावर लागेल तेवढाच. त्या जागी छत्री घे म्हणावं.