कागदी कप आणि रद्दी यात फरक आहे

कागद मातीत कुजतो म्हणून प्लास्टिकपेक्षा कधीही बरा, असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. कागद कुजतो, पण आपण टपरीवर चहा पितो तो कप नुसता कागद नसतोच ना, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपला असता. कप फाडून बघा, आतली चकचकीत पापडी नखाने सुटते. म्हणूनच रद्दीवाला ते घेत नाही. आणि आयआयटी खरगपूरच्या अभ्यासात आढळलंय की अशा कपात १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर प्लास्टिकचे साधारण २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात, हे तर आपल्याच पोटात जातंय!

साध्या कागदाला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. आपल्या नाशिककडे द्राक्षाच्या घडांना जुने पेपर गुंडाळतात, पिंक बेरी, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडणं, होऊ नये म्हणून, म्हणजे वाचून झालेला पेपर अजून एकदा कामाला येतो, त्यासाठी नवीन झाड तोडावं लागत नाही. (भजी-वडे मात्र त्यात नको, शाईतली रसायनं पोटात जातात, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही नको म्हणून सांगितलंय.)

आणि नवी कागदी पिशवी बनवायला पाणी भरपूर लागतं, वजनही जास्त, एकदा वापरून टाकली तर काय उपयोग? भाजीला कापडी पिशवी, टपरीवर काचेचा ग्लास, आणि पंगतीला पळसाच्या पत्रावळी पुन्हा मागायला लागा, केटररला आधी सांगितलं तर आणून देतात.