सिव्हिल इंजिनियरिंगमधल्या बायकांची वेगळी चूल: गरज की नुसतं हळदीकुंकू?

वाळूचाळणी
मागच्या रविवारी इंजिनियर मंडळींच्या एका स्नेहमेळाव्यात, जेवणाच्या रांगेत, एका ज्येष्ठांनी विचारलं, "तुम्हा बायकांना वेगळी चूल, हा बायकांचा वेगळा गट, कशाला लागतो हो?" हातात ताट होतं, पुढे जिलबी होती, म्हणून हसून सोडलं. घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना.

मी नाशकात आरसीसी कन्सल्टंट आहे, म्हणजे इमारतींच्या सळई-काँक्रीटचं डिझाइन करते, चौदा वर्षं झाली. २०१७ साली आम्ही सहा जणींनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट केला. दोघी आर्किटेक्ट, एक साइट इंजिनियर, एक नगरपालिकेत, एक इंटिरियरवाली आणि मी. पहिला मेसेज काय होता सांगू? "गंगापूर रोडच्या साइटवर चाललेय, जवळपास बरं टॉयलेट कुठे आहे?" महिनाभर तेवढंच चाललं. मग कोणता बिल्डर पैसे अडकवतो ते येऊ लागलं, मग बांधकामाच्या चौरस फुटाला कोण किती फी घेतं. तिथे कळलं की ज्या कामाचे मी फुटाला सात रुपये घेत होते, त्याचेच माझ्या वर्गातला मुलगा अकरा घेत होता. मी सात सांगितले म्हणून सात मिळाले, हे खरंच. पण अकरा हा आकडा माझ्या कानावर येणार कुठून? तो ज्या टपरीवर फिरतो तिथे मी उभी नसते.

मग एका बिल्डरने माझे दोन लाख चाळीस हजार अकरा महिने दाबून ठेवले. गटातल्या एकीने विचारलं, "उद्यम नोंदणी आहे ना तुझी?" ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी. होती, कर्जासाठी कधीतरी केलेली. लघुउद्योगांच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे असे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. अशा थकलेल्या पैशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी 'समाधान' पोर्टलवर अर्ज टाकला. सुनावणीपर्यंत गेलंच नाही, तिसऱ्या आठवड्यात चेक आला.

तर याला वेगळी चूल म्हणायचं का?

खडीसम्राट
ताई, पैसे सुटले, आनंद आहे. पण तो कायदा काही बायकांचा नाही. मला कोणी सांगितला असता तर मीही अर्ज टाकून पाहिला असता. मी तुमच्या गटात बसत नाही, एवढाच माझा गुन्हा.

२२ वर्षं ठेकेदारी करतोय. ड्रॉइंग वेळेवर आलं, सळईचा हिशेब जुळला, की मला बाई-बुवा काही दिसत नाही. शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातून सिव्हिल इंजिनियर झाल्या. पुढे क्वाड्रिकॉन ही कंपनी काढून हिमाचलातल्या स्पितीसारख्या अवघड मुलखात पूल टाकले. त्यांच्या मागे कुठला गट होता? काम होतं.

आणि बायकांसाठी वेगळं काही काढलं की त्याचं काय होतं तेही बघा. केंद्राच्या खरेदी धोरणात महिला उद्योजकांसाठी ३ टक्के ठेवलेत. माझ्या ओळखीत तिघांनी त्यासाठी बायकोच्या नावावर फर्म काढली. बाई सहीपुरती. गावात सरपंचपती, तसे हे ठेकेदारपती.

स्लॅबवरची
ठेकेदारपती!! हा शब्द मी उचलला.

वाळूचाळणी
ठेकेदारपतींबद्दल शंभर टक्के सहमत. मीही दोन पाहिलेत.

शकुंतलाबाईंबद्दल मात्र थांबा. त्यांचे वडील एस. बी. जोशी. पुलांच्या बांधकामात देशातलं मोठं नाव. क्वाड्रिकॉनमध्ये जोडीला नवरा, तोही इंजिनियर. बाईंची बुद्धी त्यांची स्वतःचीच, पण "कुठला गट होता" याचं उत्तर त्यांच्या घरात जेवायला बसत होतं. त्यांच्याही आधीच्या ए. ललिता घ्या, मद्रासच्या गिंडी कॉलेजातून १९४३ ला इलेक्ट्रिकल इंजिनियर. अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी. त्यांचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते. मग लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया सिव्हिलला आल्या आणि त्या तिघी झाल्या.

माझे वडील एसटीत कंडक्टर. आमच्याकडे जेवताना महागाई भत्त्याची चर्चा व्हायची, बीमची नाही.

जुना_ओव्हरसियर
खडीसम्राट, रागावू नका, पण २२ वर्षांत तुम्हाला किती कामं पेपरातली जाहिरात वाचून मिळाली?

मी ३३ वर्षं सरकारी खात्यात काढली. निविदा पेपरात यायच्या आधी ऑफिसमागच्या चहाच्या टपरीवर आलेली असायची. १९८९ साली आमच्याकडे एक बाई ज्युनियर इंजिनियर म्हणून रुजू झाल्या. माझ्यापेक्षा हुशार. साहेबांनी त्यांना चार वर्षं ड्रॉइंग ब्रँचला बसवलं, "साइटवर त्रास नको बिचारीला" म्हणून. सगळ्यांना ती साहेबांची माया वाटली, मलाही. पण त्यामुळे मेजरमेंट बुक (एमबी, साइटवर झालेल्या कामाची मापं लिहायची वही) त्यांच्या हाती आलंच नाही, आणि एमबी न लिहिलेल्या माणसाला खात्यात कोण विचारतो? मी त्यांना एकदाही "चला, चहाला" म्हटलं नाही. मनात वाईट काही नव्हतं. सुचलंच नाही.

खडीसम्राट
ओव्हरसियरसाहेब, टपरीवर बायकांना बंदी थोडीच आहे?

पत्रावळ
बंदी नाही हे नशीब समजा. (अवांतर, मी सिनेमाच्या कपडेपटात काम करते.) मुंबईत मेकअपवाल्यांच्या संघटनेने बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच कधी दिलं नव्हतं. बाईने केस करायचे, चेहरा रंगवायचा तो पुरुषाने. कितीतरी दशकं हे चाललं. चारू खुराना यांनी भांडत सुप्रीम कोर्ट गाठलं तेव्हा २०१४ साली ते मोडलं. वेगळी चूल नंतर बघू, इथे घरातल्या चुलीला हात लावू देत नव्हते.

स्लॅबवरची
काका, टपरी दिवसाची. खरं काय ते ठरतं रात्री धाब्यावर 'बसल्यावर'. एकदा गेले होते मी. कोक प्यायले, साडेदहाला निघाले. दुसऱ्या दिवशी साइटभर माझ्या कोकचीच चर्चा.

पण वाळूचाळणीताई, तुमचंही सगळं पटत नाही. मला साइटवर उभं राहायला शिकवलं ते आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने (पीएमने), पुरुषानेच. माझ्या पहिल्या स्लॅबला कव्हर ब्लॉक (सळई उघडी पडू नये म्हणून तिच्याखाली ठेवायचे ठोकळे) घातले नव्हते. मी म्हटलं, काँक्रीट थांबवा. मुकादम म्हणाला, "साहेबांना बोलवा." पीएम आले, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याच साहेब," आणि निघून गेले. तीन मिक्सर गाड्या गेटवर उभ्या होत्या. ब्लॉक घातल्याशिवाय एक घमेलं पडलं नाही. असा एक माणूस चाळीस जणींच्या ग्रुपला भारी.

वाळूचाळणी
भारीच. फक्त तो बदलून गेला की परत पहिल्यापासून.

स्लॅबवरची
गेलाय. हैदराबादला. :(

अर्धी_वीट
मी अशाच एका गटात होते, सोडला. म्हणून लिहिते.

सांगलीत नवीन ऑफिस टाकलं होतं, हातात एकही काम नव्हतं. गटातल्या पुण्या-मुंबईच्या मोठ्या बायकांनी ठरवलं की अमुक रेटच्या खाली कोणी जायचं नाही. का, तर "आपण स्वस्तात गेलो तर सगळ्याच बायका स्वस्त ठरतात." तत्त्व म्हणून झकास. मी निम्म्या रेटने एक तीन मजली घर घेतलं, कारण ऑफिसचं भाडं तत्त्वाने भरता येत नाही. कुणीतरी गटात नाव घेऊन विचारलं. मग दोन दिवस "प्रिय मैत्रिणी" अशी सुरुवात करून उपदेश. टपरीवरच्या पुरुषांनी निदान तोंडावर शिवी घातली असती आणि संध्याकाळी विसरले असते.

शिवाय ते आठ मार्च. जांभळ्या साड्या, हेल्मेट, फोटो. वर्षभरात एकीनेही मला एक काम पाठवलं नव्हतं, फोटोला मात्र मी मधोमध.

खडीसम्राट
घ्या. हे मी म्हटलं असतं तर इथे माझा स्लॅब पडला असता.

वाळूचाळणी
अर्धी वीट, रेटबद्दल तुमचंच बरोबर. कोण किती घेतं ते सांगणं वेगळं आणि किती घ्यायचे ते बजावणं वेगळं. आमच्याकडेही एकदा त्या वाटेने चर्चा गेली होती, मीच पुढे होते, आज लाज वाटते. आता एकच पाळतो: हातात जास्तीचं काम आलं तर आधी गटात टाकायचं. मागच्या वर्षी अशी नऊ कामं इकडून तिकडे गेली. जांभळी साडी माझ्याकडेही आहे, नाकारत नाही.

तिरकस_कोल्हापुरी
चर्चा छान. एक बारीक शंका. साइटवर सगळ्यात जास्त बायका कुठल्या? घमेलं उचलणाऱ्या. त्यातली एक तरी आहे का तुमच्या गटात? की त्यांची चूल अजून तीन विटांवरच?

जुना_ओव्हरसियर
बोललात.

वाळूचाळणी
नाही. एकही नाही. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

गटाचा पहिला मेसेज टॉयलेटचा होता असं मी वर कौतुकाने लिहिलंय. आम्ही गाडीत बसून चार किलोमीटरवरच्या हॉटेलात जायचो. बिगारी बाई सूर्य उगवायच्या आधी जाऊन येते आणि मग दिवसभर पाणीच पीत नाही. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने साइटवर शौचालय सक्तीचं केलं होतं, पन्नासच्या वर बायका असतील तर पोरांसाठी पाळणाघरही. कागदावर आकडा पन्नासच्या आत ठेवणं किती सोपं ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

एवढंच केलंय: गटातल्या दोन आर्किटेक्ट आता बायकांच्या शौचालयाची टेंडरच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे कामांच्या आणि मापांच्या यादीत, वेगळी ओळ घालतात. आधी ते ठेकेदाराच्या किरकोळ खर्चात धरलेलं असायचं.

खडीसम्राट
आणि किरकोळ खर्चातलं आम्ही पहिलं उडवतो, खोटं कशाला बोलू. आयटम असेल तर बिल निघतं, बिल निघालं तर काम होतं. वेगळ्या गटाचं मला अजून पटलेलं नाही, पण ती ओळ पाठवा. युनिट काय धरता, नग?

वाळूचाळणी
नग अजिबात नको. नग लिहिलं की पहिल्या बिलाला पत्र्याचं खोपटं उभं राहतं आणि दुसऱ्या बिलापर्यंत त्यात सिमेंटच्या गोण्या जातात. "प्रति शौचालय प्रति महिना, पाणी, दिवा, आतून कडी व रोजच्या साफसफाईसह." कडी लिहायला विसरू नका. पहिल्या टेंडरला आम्ही विसरलो होतो, तर दार आलं, कडी आली नाही.