मदत हवी आहे : पुढून खट्ट-खट्ट आवाज, दोनदा खर्च करूनही जात नाही

साखळी_ते_पणजी :
वैतागलोय. गाडीच्या पुढच्या बाजूने खट्ट-खट्ट आवाज येतो. शॉकअब बदलले, लिंक रॉड बदलले, अलाइनमेंट केली. आवाज आहे तिथंच. गॅरेजवाला आता म्हणतो स्टीअरिंगचा रॅक बदला. पुढच्या शनिवारी आईला घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला जायचंय. नेमकं काय बदलू तेवढं सांगा, तत्त्वज्ञान नको.

तिसरा_गिअर :
गाडी कुठली?

मांडवीकाठी :
गाडी कुठली, कोणत्या सालची, आवाज डावीकडून की उजवीकडून, खड्ड्यात की वळवताना? डॉक्टरकडे जाऊन "वरच्या बाजूला दुखतंय" म्हणालात तर तो तरी काय करणार?

फोंड्याचा_काका :
स्टॅबिलायझर बारच्या, म्हणजे पुढच्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या दांडीच्या, टोकांचे रबर बुश बघा. माझ्या मारुती ८००ला दर दोन पावसाळ्यांनी तेच जातात. स्वस्तात काम होतं. हल्लीची पोरं थेट शॉकअब बदलायला धावतात.

साखळी_ते_पणजी :
स्विफ्ट हो, डिझेल, २००८. सांगायचं राहिलं. दीड लाखाच्या पुढे चाललीय. आवाज डावीकडून जास्त, असं वाटतं.

तिसरा_गिअर :
काका, ८०० आणि स्विफ्ट एक नव्हे. ८००मध्ये बारची टोकं थेट लोअर आर्ममध्ये (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यात) जातात, तिथं लिंक रॉड नावाची वस्तूच नाही. स्विफ्टला लिंक वेगळी असते आणि ती यांनी बदललीय. मी सांगतो, लोअर आर्मचा मागचा बुश फाटलाय. डोळे मिटून दोन्ही आर्म बदला.

फोंड्याचा_काका :
डोळे मिटूनच बदलायचं तर धागा कशाला? बुश तो बुश. रबर झिजलं की लोखंड लोखंडावर आपटतं. ८०० असो की विमान.

उगाच_एक :
टायर कुठल्या कंपनीचे आहेत? मी नायट्रोजन भरायला लागल्यापासून गाडी लोण्यासारखी चालते.

मांडवीकाठी :
नायट्रोजनने खट्ट जात नाही हो.
धागाकर्ते, अंदाज सोडा आणि चार गोष्टी करून बघा. खडबडीत पण मोकळ्या रस्त्यावर हळू चालवत ब्रेक पेडल अगदी हलकं दाबून ठेवा. आवाज थांबला तर ब्रेकचे कॅलिपर आणि पॅड हलताहेत, सस्पेन्शनचा दोष नाही. गाडी जॅकवर घेऊन, स्टँड लावून, चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, आला तर लोअर आर्म चाकाला जोडणारा बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर आला तर स्टीअरिंगचे सांधे, टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. आणि गाडी जागेवर उभी असताना, इंजिन चालू ठेवून, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. तेव्हा आवाज येतो का?

घाटवळण :
इंजिन माउंटिंग! डिझेलचं इंजिन जड, माउंटिंग बसतातच. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना धप्प होतं का बघा.

तिसरा_गिअर :
क्लचबद्दल ते अवाक्षर बोललेले नाहीत.

घाटवळण :
त्यांनी गाडीचं नावदेखील सांगितलं नव्हतं!

पर्वरीत_अडकलेला :
आवाज गाडीचा नाही, रस्त्याचा आहे. पर्वरीच्या फ्लायओव्हरच्या कामातून रोज जा, नवी गाडीसुद्धा बोलायला लागेल. एक गतिरोधक संपत नाही तोवर पुढचे रंबलर.

उगाच_एक :
+१. आणि आमच्या डिचोलीत खाणीचे ट्रक धावायचे तेव्हाचे रस्ते आठवा.

मांडवीकाठी :
अवांतर दुसरीकडे करा ना. शनिवार जवळ येतोय.

साखळी_ते_पणजी :
आज सकाळी केलं सगळं. ब्रेक दाबून फरक नाही. चाकाला खेळ नाही, ना वर-खाली ना आडवा. पणजीच्या अटल सेतूवर वेगात पुलाचे सांधे लागतात तेव्हा गाडी गप्प असते, पण गल्लीतल्या गतिरोधकावरून उतरताना खट्ट. जागेवर स्टीअरिंग फिरवलं तर मात्र टंग! असा एकदाच येतो, तार सुटल्यासारखा. हे आधीपासून होतं, पण मला वाटलं डिझेल गाड्यांचं असंच असतं, म्हणून लिहिलं नाही.

तिसरा_गिअर :
टंग? मग एक्सल गेलाय.

मांडवीकाठी :
एक्सलचा जॉइंट गेला तर गाडी चालत असताना, पूर्ण वळणावर टक-टक-टक सलग येतं. जागेवर एकदाच टंग म्हणजे स्प्रिंग आवळली जाऊन सुटतेय. शॉकअब बदलले तेव्हा त्याचं वरचं माउंटिंग (बॉडीला धरणारी रबरी बैठक) आणि त्याचं बेअरिंग नवं टाकलं होतं का? बिलात बघा.

साखळी_ते_पणजी :
बिलात फक्त दोन स्ट्रट, म्हणजे शॉकअब. माउंटिंग जुनंच परत बसवलं. "चांगलं आहे" म्हणाला होता.

मांडवीकाठी :
हँडब्रेक लावा. कुणाला तरी स्टीअरिंग हळू फिरवायला सांगा आणि चाकाच्या वरच्या पोकळीतून स्प्रिंगला दोन बोटं नुसती टेकवा. वेटोळ्यांच्या मध्ये बोट घालू नका.

साखळी_ते_पणजी :
आई बसली स्टीअरिंगवर. उजवी स्प्रिंग मऊ फिरते. डावी थोडी फिरते, अडते, बोटाखाली ताण चढत गेलेला कळतो आणि मग टंग करून उडते. आई आतून ओरडली, "मोडलं काय रे?"

फोंड्याचा_काका :
म्हणजे रबरच! मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. माउंटिंगमध्ये रबर नसतं तर काय असतं?

तिसरा_गिअर :
काका, तुम्ही स्टॅबिलायझरचं म्हणत होता.

साखळी_ते_पणजी :
अपडेट. आज दुसऱ्या गॅरेजमध्ये दोन्ही माउंटिंग बेअरिंगसकट बदलली. डावं बेअरिंग गंजून जाम, हातात घेऊन फिरवलं तर वाळू भरल्यासारखं. टंग गेला. गतिरोधकावरचा खट्टही जवळजवळ गेला, पण डावीकडे बारीकसा कुरकुरल्यासारखा आवाज राहिलाय. रॅकला हात लावला नाही. मांडवीकाठी, देव बरें करूं.

तिसरा_गिअर :
लोअर आर्मचा बुश. म्हणालो होतो.

साखळी_ते_पणजी :
तो बुश तर गेल्या मे महिन्यात नवा टाकलाय. हेही लिहायचं राहिलं बहुतेक.

मांडवीकाठी :
हे राम.
तो बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळला असेल. आर्म खाली लोंबकळत असताना आवळला की बुश त्याच स्थितीत पकडला जातो. गाडी जमिनीवर आली की रबराला कायमचा पीळ बसतो, कुरकुरतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट ढिला करून, चारी चाकांवर वजन असताना पुन्हा आवळून घ्या. रबर फाटलं नसेल तर खर्च फक्त मजुरीचा. आणि घाटात जायच्या आधी बॉल जॉइंटचं रबरी बूट फाटलंय का तेही पाहा. तो सुटला तर चाक आडवं होतं.

साखळी_ते_पणजी :
बूट पाहिलं, शाबूत आहे. बोल्टचं काम गुरुवारी सकाळी, पिटवर गाडी उभी करून. या वेळी मी शेजारी उभा राहणार.

उगाच_एक :
टायरचं राहिलंच. कुठल्या कंपनीचे?