कोबी ब्रायंटच्या ट्रस्टमध्ये धाकटी नव्हती, आमच्या मृत्युपत्रातही नाही

डोंबिवलीची_वहिनी

मंडळी, प्रश्न मृत्युपत्राचा आहे, पण वाटेत बास्केटबॉल लागणार आहे. सांभाळून घ्या.

माझा नवरा रेल्वेच्या संघातून खेळायचा, नोकरीही खेळाडू कोट्यातलीच. गुडघे बोलायला लागले तसं खेळणं सुटलं. आता दिवसा नोकरी, संध्याकाळी दोन मित्रांबरोबर भागीदारीत कोचिंग आणि बूट-जर्सीचं छोटं दुकान. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट म्हणजे दैवत. 2016 मध्ये कोबी शेवटची मॅच खेळला तेव्हा आपल्याकडे 14 एप्रिलची सकाळ होती, आंबेडकर जयंतीची सुट्टी. साहेब टीव्हीसमोरून हलेनात, पोहे तिथेच नेऊन दिले. साठ पॉइंट्स मारले त्या माणसाने, आणि पोह्यांचा पार दगड झाला.

त्याच वर्षी ह्यांनी मृत्युपत्र केलं. फ्लॅट एकट्याच्या नावावर आहे, तो अर्धा मला आणि अर्धा मोठ्या मुलीला, तिचं नाव घालून. 2021 मध्ये धाकटी झाली.

परवा हेच मला कोबीबद्दल वाचून दाखवत होते. त्याने 2003 मध्ये ट्रस्ट केला (मालमत्ता घरच्यांसाठी विश्वस्तांकडे ठेवायची व्यवस्था), मुली होत गेल्या तशा त्यात दुरुस्त्या केल्या, शेवटची 2017 मध्ये. चौथी मुलगी, काप्री, जून 2019 ची. जानेवारी 2020 मध्ये कोबी हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. काप्रीचं नाव घालून घ्यायला बायकोला मार्चमध्ये कोर्टात अर्ज करावा लागला. मी म्हटलं, अहो, मग आपल्या धाकटीचं नाव कुठाय? तर म्हणे, "सख्ख्या बहिणी आहेत, मोठी देईल की!"

तर विचारायचं हे की धाकटीला कायद्याने आपोआप वाटा मिळतो का? आणि एनपीएस (पेन्शनची गुंतवणूक) व म्युच्युअल फंडाला नॉमिनी सासूबाई आहेत, लग्नाआधीपासूनच्या. ते पैसे कोणाचे? (सासूबाईंचं आणि माझं उत्तम आहे. कृपया सिरीयलचा अँगल नको.)

वकीलकाका_सांगली

वहिनी, आपोआप काही मिळत नाही. फ्लॅट यजमानांच्या स्वकमाईचा आहे असं धरतो. स्वकमाई कोणाला द्यायची याचं हिंदू माणसाला पूर्ण स्वातंत्र्य आहे, आणि मृत्युपत्रानंतर मूल जन्मलं म्हणून मृत्युपत्र बदलत नाही. गंमत बघा. कागदच नसता तर 1956 च्या वारसा कायद्याने पत्नी, दोन मुली आणि आई असे चार सारखे वाटे पडले असते. हो, आई पहिल्या वर्गाची वारस आहे, निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. म्हणजे कागद नसता तर धाकटीला फ्लॅटचा चौथा हिस्सा, कागद आहे म्हणून शून्य! फार तर अवलंबून असलेली मुलगी म्हणून ती पोटगी मागू शकेल, तीसुद्धा ज्यांना मालमत्ता मिळाली त्यांच्याकडे. म्हणजे आई आणि ताईकडेच. "मोठी देईल" हे आज बारा-तेरा वर्षांच्या पोरीच्या भरवशावर बोलतायत यजमान. उद्या तिचा नवरा काय म्हणेल?

पुरवणी जोडू नका, नवीनच करा. पहिल्याच परिच्छेदात "यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे" असं लिहा. मुलींची नावं घाला आणि पुढे "तसेच या तारखेनंतर जन्मणारी माझी अपत्ये" हेही. शेवटी "वर उल्लेख नसलेली व यापुढे मी मिळवीन ती सर्व मालमत्ता" कोणाला, ते लिहाच. खेळाडूची गोष्ट अशी की नाव खेळताना होतं, पण बरीचशी मिळकत खेळ संपल्यावर उभी राहते. कोचिंग, दुकान, ॲकॅडमी. 2016 च्या कागदात दुकान असणार नाही. आणि भागीदारीचा करार काढून बघा. त्यात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर एक भागीदार गेला की फर्म विसर्जित होते. मित्र चांगले असतील हो, पण हिशेब तुम्हाला मागावा लागेल.

एका बाबतीत माझं मत कडक आहे. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलांच्या नावावर फ्लॅटचा तुकडा ठेवू नये. पुढे विकायचा झाला तर अज्ञान मुलाच्या हिश्श्यासाठी आईलासुद्धा कोर्टाची परवानगी काढावी लागते. डोंबिवलीतून ठाण्याला जायचं म्हटलं तरी अर्ज, तारीख, "अज्ञानाच्या हिताचे कसे" ते पटवून द्या. फ्लॅट पूर्ण पत्नीला द्या, मुलींसाठी गुंतवणुकी ठेवा. दोघंही एकाच वेळी गेले तर पालक कोण, तेही लिहा. आईबापांना हे वाक्य लिहिताना पेन जड होतो, तरी लिहा.

आता नॉमिनी. पैसे नॉमिनीच्या हातात पडतात, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असेल त्याची. यावरचा मोठा निकाल आपल्या माणसांच्याच घरातला आहे. कालनिर्णयकार जयंत साळगावकर 2013 मध्ये गेले, मृत्युपत्र 2011 चं होतं, आणि गुंतवणुकींचे नॉमिनी मालक ठरतात का हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. डिसेंबर 2023 मध्ये कोर्टाने सांगितलं, नाही ठरत. दहा वर्षं! विम्याचं थोडं वेगळं आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याची रक्कम त्यांचीच. सोसायटीत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. सासूबाई प्रेमळ आहेत हे उत्तमच, पण त्यांनाही कशाला बँकेच्या चकरा?

अनघा_सॅन_होजे

काकांना अनुमोदन. कोबीची गोष्ट इकडे सगळ्या वकिलांच्या तोंडी असते. इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या, कायद्यात नंतर जन्मलेल्या मुलाला थोडंफार संरक्षण आहे, तरी कोर्टाची पायरी चुकली नाही.

काका म्हणतात ते "खेळ संपल्यावरची मिळकत" अगदी खरं. वीस वर्षं लेकर्स संघाकडून खेळून कोबीचा पगार तीस कोटी डॉलरच्या वर, पण 2014 च्या आसपास त्याने बॉडीआर्मर नावाच्या पेयाच्या कंपनीत साधारण 60 लाख डॉलर घातले. 2021 मध्ये कोका-कोलाने ती कंपनी घेतली तेव्हा त्याच्या वारसांकडे सुमारे 40 कोटी डॉलर आल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे माणूस गेल्यावर पावणेदोन वर्षांनी! नायकेचा करारही 2021 मध्ये संपला आणि पुढच्या वर्षी बायकोने बोलणी करून नव्याने केला. म्हणून एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) असा नेमा ज्याला हे झेपेल. वयाने मोठे म्हणून मोठ्या काकांचं नाव, असं नको.

उलटं उदाहरण स्टीव्ह मॅकनेअर. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, 13 सीझन खेळला, 2009 मध्ये 36 व्या वर्षी गेला, मृत्युपत्रच नव्हतं. चार मुलगे, सगळे एका आईचे नाहीत. पुढे काय झालं असेल ते ओळखा.

पण हे वाचून नवऱ्याने ट्रस्टच करायचा हट्ट धरला तर थांबवा. इकडे ट्रस्ट करतात ते बऱ्याच अंशी कोर्टाची लांबण टाळायला, आणि इस्टेट फार मोठी असेल तर करासाठी. आपल्याकडे मृत्यूनंतरचा कर 1985 मध्येच गेला. एक फ्लॅट आणि एनपीएस यासाठी साधं मृत्युपत्र बास.

कराडकर_पैलवान

कोबी-बिबी आपल्याला कळत नाही. पण मेडलांचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

आमच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 1984 ला अपघातात गेले. गावातली कुस्तीची ॲकॅडमी रखडली म्हणून 2017 मध्ये त्यांच्या मुलाने ते पदक लिलावात काढायची तयारी दाखवली होती. आम्हा सगळ्यांच्या पोटात कालवलं. घरच्यांना दोष देत नाही, वडिलांच्या नावाची तालीम व्हावी हीच धडपड होती. पण पदक म्हटलं की निम्मं घराचं, निम्मं गावाचं होऊन बसतं. मिल्खासिंगांनी स्वतःच हयातीत पदकं देशाला दिली, ती पतियाळाच्या संग्रहालयात आहेत. विषय मिटला.

दादांची मेडलं, ट्रॉफ्या, रेल्वेचा ब्लेझर असेल. कुणाला काय, ते एका ओळीत लिहायला सांगा. फ्लॅटवरून नाही एवढी भांडणं ब्लेझरवरून होतात.

डोंबिवलीची_वहिनी

सगळ्यांना धन्यवाद. रात्री जेवताना सगळं वाचून दाखवलं. शून्य ऐकून ते गप्प झाले, आणि ब्लेझरवर मात्र लगेच बोलले: "ब्लेझर धाकटीला, मोठीला होणार नाही, ती आत्ताच माझ्या खांद्याला लागते." म्हणजे बारा वर्षांच्या मुलीसमोर सहा फुटी माणसाचा ब्लेझर लहान पडणार आहे, असं आमच्याकडचं गणित. सासूबाई म्हणाल्या, माझं नाव काढा, मला तो ओटीपी-बिटीपी जमत नाही.

काका, दोन बारीक शंका. साक्षीदार म्हणून दुकानातले दोन भागीदार चालतील का? आणि स्टँप पेपर, डॉक्टरचं सर्टिफिकेट?

वकीलकाका_सांगली

भागीदार चालतील, कारण त्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाहीये. पण दुकानाच्या हिश्श्याबद्दल त्यात काही लिहिणार असाल तर दुसरे कोणी घ्या, शेजारी किंवा जुने कोच. ज्याला काही मिळणार आहे त्याची सही नकोच. यजमानांनी दोघांच्या समोर सही करायची आणि दोघांनी यजमानांच्या समोर. साक्षीदार वयाने लहान असलेले बरे, ते नंतर हयात असायला हवेत.

स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण माझा सल्ला करा म्हणून. डॉक्टरचं सर्टिफिकेट पंचेचाळिशीच्या खेळाडूला कशाला? आणि नॉमिनेशन बदलायला मृत्युपत्राची वाट बघू नका. म्युच्युअल फंडाचं तर आज रात्रीच मोबाइलवरून होईल, ओटीपी यजमानांच्याच फोनवर येतो.